मॉइलचं उत्पादन विक्रमी, तरी देशातला वाटा घटला! कंपनीचा बाजारहिस्सा नेमका मोजतात कसा?

भंडारा जिल्ह्यात तुमसर तालुक्यात, सातपुड्याच्या टेकड्यांमध्ये आंबागड नावाचा एक जुना किल्ला आहे. देवगडचा गोंड राजा बख्त बुलंद शहा याच्या काळात, साधारण १७०० च्या सुमारास, त्याचा सरदार राजा खान पठाण याने तो बांधला असं सांगतात. पुढे तो नागपूरकर भोसल्यांकडे गेला आणि कैदी ठेवायची जागा म्हणून ओळखला जाऊ लागला.

किल्ल्याची गोष्ट एवढ्यावर थांबवू, कारण आज आपल्याला बोलायचंय ते या टेकड्यांच्या पोटात काय आहे त्यावर.

इथं मँगनीज आहे. भरपूर आहे. तुमसर तालुक्यातच चिखला आणि डोंगरी बुजुर्ग या दोन मोठ्या खाणी आहेत. इकडच्या लोकांच्या भाषेत खदानी. चिखल्याला जमिनीखाली उतरून खनिज काढतात, डोंगरी बुजुर्गला वरूनच डोंगर खोदत जातात. दोन्ही खाणी चालवते मॉइल ही नागपुरात मुख्यालय असलेली केंद्र सरकारची कंपनी. भारतात सर्वात जास्त मँगनीज खनिज काढणारी कंपनी म्हणजे मॉइल.

आता मुद्द्यावर येऊ. २०२४-२५ या आर्थिक वर्षात मॉइलने सुमारे १८.०३ लाख टन खनिज काढलं. कंपनीच्या इतिहासातला तोपर्यंतचा हा सर्वात मोठा आकडा. असा आकडा आला की काय होतं, तुम्हाला माहीत आहे. "रेकॉर्ड ब्रेक" असं लिहिलेली पोस्ट फिरते, खाली रॉकेटचे इमोजी पडतात, आणि कुणीतरी विचारतं, "शेअर घ्यायचा का?"

पण त्याच वर्षी आणखी एक गोष्ट घडली, जिची पोस्ट काही फिरली नाही. देशातल्या एकूण मँगनीज उत्पादनात मॉइलचा वाटा कमी झाला. तोही थोडाथोडका नाही, चार टक्के बिंदूंनी.

उत्पादन विक्रमी आणि वाटा कमी? हे कसं काय? चला, पेन्सिल घ्या.

आधी धानाचं गणित

तुमसर म्हणजे धानाचा पट्टा, म्हणून उदाहरण धानाचंच घेऊ. समजा, गेल्या वर्षी तुमच्या शेतात ५० पोती धान झालं आणि अख्ख्या गावात ५०० पोती. म्हणजे गावाच्या धानात तुमचा वाटा १० टक्के.

यंदा तुमच्याकडे ५५ पोती झाली. घरात आनंद. पण यंदा गावात दोन-चार जणांनी नवीन बोअर मारली, पडीक जमीन लागवडीखाली आणली आणि गावाचं एकूण धान ६५० पोत्यांवर गेलं. आता तुमचा वाटा काढा. ५५ भागिले ६५०, म्हणजे जवळपास साडेआठ टक्के.

तुमचं धान वाढलं. तुमचा वाटा घटला. दोन्ही वाक्यं एकाच वेळी खरी आहेत.

बाजारहिस्सा म्हणजे इतकंच. वर कंपनीचा आकडा, खाली सगळ्या बाजाराचा आकडा, आणि गुणिले शंभर. बातम्यांमध्ये आपल्याला बहुतेक वेळा वरचा आकडा दिसतो, कारण तो कंपनी स्वतः जाहीर करते. खालचा आकडा मात्र दुसरीकडून शोधून आणावा लागतो. सगळी गंमत त्या खालच्या आकड्यात असते.

आता मॉइलचा हिशोब

मॉइलचं गेल्या काही वर्षांचं उत्पादन असं आहे.

२०२१-२२: १२.३१ लाख टन
२०२२-२३: १३.०२ लाख टन
२०२३-२४: १७.५६ लाख टन
२०२४-२५: १८.०३ लाख टन

वरचा आकडा मिळाला. आता खालचा. केंद्रीय खाण मंत्रालयाने दिलेल्या आकडेवारीनुसार देशात २०२३-२४ मध्ये ३४ लाख टन मँगनीज खनिज निघालं, आणि २०२४-२५ मध्ये ३८ लाख टन. वाढ ११.८ टक्के.

भागाकार करा.

२०२३-२४ मध्ये १७.५६ भागिले ३४, म्हणजे ५१.६ टक्के.
२०२४-२५ मध्ये १८.०३ भागिले ३८, म्हणजे ४७.४ टक्के.

म्हणजे आदल्या वर्षी देशात निघालेल्या प्रत्येक दोन टनांत एक टनाहून थोडं जास्त मॉइलचं होतं. वर्षभरात ते निम्म्याच्या खाली आलं. मॉइल आजही पहिल्या क्रमांकावर आहे, त्यात शंका नाही. पण बाकीच्यांनी मिळून जास्त वेगाने उत्पादन वाढवलं.

घट चार टक्के की आठ टक्के?

इथं पहिला सापळा आहे, आणि त्यात भले भले अडकतात.

५१.६ वरून ४७.४ वर आलो. वजाबाकी केली तर ४.२. ही घट "४.२ टक्के" म्हणायची का? नाही. ही घट आहे ४.२ टक्के बिंदूंची. काही जण त्याला पॉइंट म्हणतात.

टक्क्यांत घट काढायची तर ४.२ ला ५१.६ ने भागावं लागतं. ते येतं सुमारे ८.१ टक्के. म्हणजे मॉइलचा वाटा ४.२ बिंदूंनी घटला, किंवा तो आधी होता त्याच्या ८.१ टक्क्यांनी घटला. दोन्ही बरोबर, पण दोन्ही एकच नाहीत.

ज्याला घट छोटी दाखवायची आहे तो ४ म्हणेल, ज्याला मोठी दाखवायची आहे तो ८ म्हणेल. खोटं कुणीच बोलत नाहीये. म्हणून कुणीही "वाटा अमुक टक्क्यांनी घटला" असं म्हटलं की आधी विचारायचं, बिंदू की टक्के?

एकूण बाजार माहीत नसेल तर?

आता एक सोपी युक्ती. बऱ्याचदा एकूण बाजार किती लाख टनांचा हे आपल्याला माहीत नसतं, पण बाजार किती टक्क्यांनी वाढला हे बातमीत असतं. तेवढ्यावरही काम भागतं.

कंपनीच्या वाढीची तुलना बाजाराच्या वाढीशी करा. कंपनी बाजारापेक्षा वेगाने वाढली तर वाटा वाढला. हळू वाढली तर वाटा घटला. बरोबरीने वाढली तर जागच्या जागी.

मॉइल २०२४-२५ मध्ये वाढली २.७ टक्के. देश वाढला ११.८ टक्के. म्हणजे १०० रुपयांचे १०२.७ झाले, तर दुसरीकडे १०० चे १११.८ झाले. १०२.७ भागिले १११.८ केलं की ०.९१९ येतं. म्हणजे वाटा आधीच्या सुमारे ९२ टक्के उरला, घट ८ टक्क्यांची. वर आपण लांबच्या रस्त्याने काढलेलं उत्तरही तेच होतं.

याच गणिताला उलटं करून आणखी एक प्रश्न विचारता येतो. वाटा टिकवायला मॉइलला किती खनिज काढावं लागलं असतं? १७.५६ मध्ये ११.८ टक्के मिळवा. उत्तर सुमारे १९.६ लाख टन. प्रत्यक्षात निघालं १८.०३. म्हणजे विक्रम करूनसुद्धा साधारण १.६ लाख टन कमी पडले.

वाढीतला वाटा हे जास्त बोलकं माप आहे

एकूण वाटा हळूहळू बदलतो, कारण त्यात जुनी पुण्याई धरलेली असते. वारं कुठल्या दिशेनं वाहतंय हे बघायचं असेल तर "वाढीतला वाटा" बघायचा.

देशात एका वर्षात सुमारे ४ लाख टन खनिज जास्त निघालं. त्यातलं मॉइलचं किती? १८.०३ वजा १७.५६, म्हणजे ०.४७ लाख टन. चार लाखांत ४७ हजार, म्हणजे साधारण १२ टक्के.

याचा अर्थ काय? एकूण उत्पादनात मॉइल जवळपास निम्मी आहे, पण नव्याने वाढलेल्या प्रत्येक १०० टनांत तिचे फक्त १२ टन होते. उरलेले ८८ टन इतरांनी वाढवले. मँगनीज काही फक्त भंडारा, नागपूर आणि बालाघाटच्या पट्ट्यातच नाही. ओडिशा, कर्नाटक, आंध्र प्रदेशातही ते निघतं. ओडिशात टाटा स्टीलच्या खाणी आहेत, कर्नाटकात संडूर मँगनीज ही जुनी कंपनी आहे.

पण थांबा. एवढ्यावरून "मॉइल मागे पडली" असा निकाल देऊ नका. का ते पुढे बघू.

कुठल्या वर्षापासून मोजता, त्यावर गोष्ट बदलते

वरची चार वर्षांची यादी पुन्हा बघा. २०२२-२३ वरून २०२३-२४ मध्ये मॉइलने एकदम उडी मारली. १३.०२ वरून १७.५६ म्हणजे तब्बल ३५ टक्के वाढ. इतक्या मोठ्या उडीनंतरच्या वर्षी वाढ मंदावली तर त्यात नवल नाही.

आता हीच कंपनी, हेच आकडे, पण दोन वेगळ्या पोस्ट बनवता येतात.

पहिली पोस्ट: "मॉइलची वाढ अडखळली, वर्षभरात जेमतेम २.७ टक्के."
दुसरी पोस्ट: "मॉइलची भरारी, तीन वर्षांत उत्पादन ४६ टक्क्यांनी वाढलं."

दोन्ही खऱ्या. पहिलीने २०२३-२४ पासून मोजलं, दुसरीने २०२१-२२ पासून. तीन वर्षांची वाढ सरासरी दरवर्षी किती पडते ते चक्रवाढीने काढलं तर साधारण साडेतेरा टक्के येते. हा आकडा त्या दोन पोस्टपेक्षा जास्त समतोल आहे, कारण एका चांगल्या किंवा वाईट वर्षाने तो फारसा हलत नाही.

म्हणून वाटा मोजताना नियम असा: एकाच वर्षाची तुलना करू नका, किमान तीन ते पाच वर्षांची रेघ काढा. आणि सुरुवातीचं वर्ष तुम्हाला सोयीचं म्हणून निवडू नका. कोविडचं वर्ष पायाला धरलं की पुढचं सगळं भरारीच वाटतं.

तिमाहीच्या आकड्यांत तर आणखी काळजी घ्यावी लागते. डोंगरी बुजुर्गसारख्या उघड्या खाणीत पावसाळ्यात पाणी साचतं, माती घसरते, काम मंदावतं. त्यामुळे जुलै ते सप्टेंबरची तुलना एप्रिल ते जूनशी केली तर दरवर्षीच "घसरण" दिसेल. पावसाळ्याची तुलना गेल्या पावसाळ्याशीच करायची.

"बाजार" म्हणजे नेमकं काय?

आता सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न. आपण खालचा आकडा म्हणून देशातलं उत्पादन धरलं. पण उत्पादन म्हणजे बाजार नव्हे.

एक, आयात. मँगनीजचा मोठा गिऱ्हाईक म्हणजे पोलाद उद्योग. जगात निघणारं जवळपास ९० टक्के मँगनीज पोलादात जातं. पोलादातला गंधक आणि ऑक्सिजन काढायला, त्याला मजबुती द्यायला मँगनीज लागतं आणि त्याला सोपा पर्याय नाही. भारतात पोलाद वाढतंय, तशी मँगनीजची भूकही वाढतेय. ती भागवायला दक्षिण आफ्रिका, गॅबन, ऑस्ट्रेलियातून मोठ्या प्रमाणावर खनिज येतं. भारतातल्या कारखान्याला मॉइलचं खनिज घ्यायचं की आफ्रिकेचं, हा खरा पर्याय असतो. मग बाजार मोजताना ती बोटीने आलेली ढेकळं मोजायला नकोत का?

समजा, फक्त समजण्यासाठी, आयात देशातल्या उत्पादनाइतकीच धरली. मग खालचा आकडा ३८ ऐवजी ७६ लाख टन होतो आणि मॉइलचा वाटा ४७ वरून थेट २४ टक्क्यांच्या आसपास येतो. कंपनीत काहीच बदललं नाही. आपण बाजाराची रेघ फक्त थोडी लांब ओढली.

दोन, स्वतःसाठी काढलेलं खनिज. काही पोलाद कंपन्या आपल्या खाणीतलं मँगनीज आपल्याच कारखान्यात वापरतात. ते खनिज विकायला बाजारात येतच नाही. ते वगळलं तर विक्रीच्या बाजारात मॉइलचा वाटा वाढतो.

तीन, उत्पादन आणि विक्री. मॉइलने २०२४-२५ मध्ये काढलं १८.०३ लाख टन, पण विकलं सुमारे १५.८७ लाख टन. आदल्या वर्षी विक्री होती १५.३६ लाख टन. काढलेलं सगळं त्याच वर्षी विकलं जातं असं नाही. काही साठ्यात राहतं, काही कंपनीच्याच कारखान्यांत वापरलं जातं. म्हणून उत्पादनातला वाटा आणि विक्रीतला वाटा वेगळे निघतात. वर उत्पादन आणि खाली विक्री अशी खिचडी केली की उत्तर हमखास चुकतं.

चार, प्रकार. मँगनीज खनिज म्हणजे एकच माल नाही. डोंगरी बुजुर्गचं खनिज मँगनीज डायऑक्साइडसाठी ओळखलं जातं, आणि ते पोलादाऐवजी टॉर्च, घड्याळ, रिमोटच्या सेलमध्ये वापरता येतं. याच खाणीवर इलेक्ट्रोलिटिक मँगनीज डायऑक्साइड बनवायचा कारखाना आहे. आता बाजार कुठला धरायचा? सगळ्या खनिजाचा, की फक्त डायऑक्साइड खनिजाचा? उत्तरं वेगवेगळी येतील.

म्हणून "अमुक कंपनीचा बाजारात ५० टक्के वाटा" हे वाक्य अर्धवट आहे. कशाच्या बाजारात, कुठल्या भागात, कुठल्या वर्षी, आणि काय मोजून, हे चार शब्द जोडल्याशिवाय त्याला अर्थ नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं: एकदा बाजाराची व्याख्या ठरवली की पुढची सगळी वर्षं तीच ठेवायची. मधेच व्याख्या बदलली तर वाटा बदलल्यासारखा दिसतो, प्रत्यक्षात बदललेली असते फूटपट्टी.

टन मोजायचे की रुपये?

मॉइलची विक्री टनांत वाढली सुमारे ३ टक्के. पण कंपनीची उलाढाल वाढली १,४४९ कोटींवरून १,५८५ कोटी रुपयांवर. म्हणजे ९ टक्क्यांहून जास्त. टन ३ टक्के आणि रुपये ९ टक्के, मधली तफावत कुठून आली?

मुख्यतः भावातून. आणि त्या वर्षीच्या भावाची गोष्ट तुमसरपासून हजारो किलोमीटर लांब सुरू होते. मार्च २०२४ मध्ये मेगन नावाचं चक्रीवादळ ऑस्ट्रेलियाच्या उत्तरेला ग्रूट आयलंड बेटावर धडकलं. तिथं जगातल्या मोठ्या मँगनीज खाणींपैकी एक आहे. वादळात खाणीचा बोटी लागायचा धक्का मोडला आणि तिथून होणारी निर्यात बराच काळ ठप्प झाली. २०२४ च्या मध्यावर जगभरात चांगल्या प्रतीच्या मँगनीजचे भाव चढले.

ढोबळ हिशोब केला, म्हणजे उलाढालीला विकलेल्या टनांनी भागलं, तर मॉइलला टनामागे आधी सुमारे ९,४०० रुपये मिळत होते, ते १०,००० च्या जवळ गेले. यात खनिजासोबत कंपनीच्या इतर मालाची विक्रीही धरली आहे, म्हणून हा आकडा अंदाजाचाच समजा. पण दिशा स्पष्ट आहे.

आता बघा, टनांत मोजलं तर वाटा एक येतो, रुपयांत मोजलं तर दुसरा येऊ शकतो. ज्या कंपनीचं खनिज चांगल्या प्रतीचं, तिचा रुपयांतला वाटा टनांतल्या वाट्यापेक्षा जास्त. हलक्या प्रतीचं विकणाऱ्याचं उलट.

टनांचं माप सांगतं की कोण किती माल हलवतंय. रुपयांचं माप सांगतं की कोण किती पैसा कमावतंय. दोन्ही बघायचे, पण मिसळायचे नाहीत.

जागतिक आकडे वाचताना याच्याच जोडीला आणखी एक खोच लक्षात ठेवा. अमेरिकेची भूगर्भ सर्वेक्षण संस्था मँगनीजचं उत्पादन देते ते खनिजातल्या शुद्ध धातूच्या वजनाचं. आपलं खाण मंत्रालय देतं ते अख्ख्या खनिजाचं. दोन्हीकडे "टन" लिहिलेलं असतं, पण एक भाताचं वजन आहे आणि दुसरं धानाचं. एक वर आणि दुसरं खाली ठेवून भागाकार केलात तर उत्तर भलतंच येईल.

आकडा गोळाबेरीज केलेला असेल तर?

एखादा चाणाक्ष वाचक विचारेल, "मंत्रालयाने ३४ आणि ३८ असे पूर्ण आकडे दिलेत. खरा आकडा ३३.६ असेल, नाहीतर ३४.४. मग तुमचे ५१.६ आणि ४७.४ किती खरे?"

योग्य प्रश्न आहे. तपासून बघू. ३४ चा खरा आकडा ३३.५ ते ३४.५ च्या मधे कुठेही असू शकतो. तेवढ्यात मॉइलचा वाटा ५०.९ ते ५२.४ च्या मधे फिरतो. ३८ चा खरा आकडा ३७.५ ते ३८.५ च्या मधे धरला तर वाटा ४६.८ ते ४८.१ च्या मधे.

पहिल्या वर्षाचा सर्वात कमी वाटा ५०.९. दुसऱ्या वर्षाचा सर्वात जास्त वाटा ४८.१. म्हणजे कितीही उदार होऊन मोजलं तरी वाटा घटलाच. निष्कर्ष पक्का आहे, फक्त दशांशावर फार भांडायचं नाही. घट एका बिंदूची असती तर मात्र अशा गोळाबेरीज आकड्यांवरून काहीच ठामपणे बोलता आलं नसतं.

हिस्सा आणि हिस्सा

मराठीत एक गोंधळ कायम होतो. कंपनीतला हिस्सा वेगळा आणि बाजारातला हिस्सा वेगळा. मॉइलच्या इतिहासात दोन्ही सापडतात, म्हणून सांगतो.

इथल्या मँगनीजचा धंदा १८९६ मध्ये सेंट्रल प्रॉव्हिन्स प्रॉस्पेक्टिंग सिंडिकेट नावाच्या ब्रिटिश कंपनीने सुरू केला. पुढे तिचं नाव सेंट्रल प्रॉव्हिन्सेस मँगनीज ओअर कंपनी झालं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काही वर्षं ब्रिटिश भारत मँगनीज उत्पादनात रशियाला मागे टाकून जगात पहिला होता, आणि त्यात मोठा वाटा आपल्या मध्य प्रांताचा होता. एल. एल. फर्मर या भूगर्भशास्त्रज्ञाने इथल्या मँगनीजवाल्या खडकाला गोंड लोकांवरून "गोंडाइट" असं नाव दिलं, ते आजही जगभरच्या पुस्तकांत आहे.

आज जगात पहिला क्रमांक दक्षिण आफ्रिकेचा आहे. इथल्या डोंगरातलं मँगनीज संपलं म्हणून भारत मागे गेला असं नाही. जगाची मागणी कितीतरी पटीने वाढली आणि तिकडे प्रचंड साठे खुले झाले. खालचा आकडा फुगला. धानाचं तेच गणित, फक्त शंभर वर्षांच्या मापाने.

१९६२ मध्ये सरकारने या ब्रिटिश कंपनीशी करार करून मँगनीज ओअर इंडिया लिमिटेड स्थापन केली. ५१ टक्के भागभांडवल केंद्र, महाराष्ट्र आणि मध्य प्रदेश सरकारांकडे, ४९ टक्के ब्रिटिश कंपनीकडे. १९७७ मध्ये उरलेले ४९ टक्केही सरकारने घेतले. २०१० मध्ये कंपनीचं नाव मॉइल लिमिटेड झालं आणि त्याच वर्षी डिसेंबरात ती शेअर बाजारात आली.

यातले ५१ आणि ४९ हे मालकीचे हिस्से. आपण वर काढलेले ५१.६ आणि ४७.४ हे बाजारातले. आकडे सारखे दिसतात, पण एकमेकांशी काहीही संबंध नाही.

मग आंबागडच्या माणसाला यातून काय?

हा प्रश्न विचारायलाच हवा, कारण वाटा कुणासाठी महत्त्वाचा आणि कुणासाठी नाही, हे आधी कळलं पाहिजे.

ज्याने मॉइलचे शेअर घेतलेत, त्याच्यासाठी वाटा महत्त्वाचा आहे. निम्मा बाजार हातात असलेली कंपनी भाव जाहीर करते तेव्हा गिऱ्हाईक तो निमूटपणे मानण्याची शक्यता जास्त. वाटा घटत गेला तर ही ताकद कमी होते. कंपनीने २०३० पर्यंत ३० लाख टनांचं लक्ष्य ठेवलंय. ते गाठलं तर वाटा किती होईल? ते मॉइलवर एकट्यावर अवलंबून नाही. देशाचं उत्पादन तेव्हा ५० लाख टन असेल तर ६० टक्के, ७५ लाख टन असेल तर ४० टक्के.

पण खाणीलगतच्या गावांचं गणित वेगळं आहे. खाणीच्या रॉयल्टीच्या प्रमाणात जिल्हा खनिज प्रतिष्ठानला पैसा मिळतो. २०१५ च्या कायदा दुरुस्तीने ही सोय झाली. हा निधी खाणबाधित गावांच्या पाण्यासाठी, आरोग्यासाठी, शाळांसाठी वापरायचा असतो. रॉयल्टी ठरते ती किती टन निघालं आणि भाव काय होता यावरून. देशात कंपनीचा वाटा ५१ आहे की ४७, याच्याशी तिचा थेट संबंध नाही. ओडिशात उत्पादन वाढलं म्हणून भंडाऱ्याच्या निधीतला रुपया कमी होत नाही.

म्हणजे ज्या वर्षी मॉइलचा वाटा घटला, त्याच वर्षी टनही वाढले आणि भावही वाढला. शेअरवाल्याने काळजीने बघावं असं वर्ष, आणि गावाने आपल्या निधीचा हिशोब ग्रामसभेत जोरात मागावा असंही वर्ष. एकाच कंपनीचं एकच वर्ष.

पुढच्या वेळी "रेकॉर्ड"ची पोस्ट आली तर

फॉरवर्ड करायच्या आधी एवढं विचारा.

१. कंपनीचा आकडा दिलाय, पण एकूण बाजाराचा दिलाय का?
२. बाजार म्हणजे काय धरलंय? देशातलं उत्पादन, विक्री, की आयातीसकट सगळं?
३. टनांत मोजलंय की रुपयांत? वर आणि खाली एकच एकक आहे ना?
४. तुलना कुठल्या वर्षाशी? ते वर्ष फार वाईट किंवा फार चांगलं तर नव्हतं?
५. बदल बिंदूंत सांगितलाय की टक्क्यांत?
६. नव्या वाढीत कंपनीला किती मिळालं?

हे सहा प्रश्न मॉइललाच नाही, मोबाइल कंपनीला, दुधाच्या ब्रँडला, तुमच्या गावातल्या किराणा दुकानालाही लागू पडतात. गणित चौथीच्या पोराला जमेल इतकंच आहे. अडचण भागाकाराची कधीच नसते. खालचा आकडा शोधायचा कंटाळा येतो, तिथं सगळं फसतं.